पायाखालचा ठोका

बास ड्रम हे मुळात पायाचं वाद्य नव्हे. ड्रमसेट म्हटलं की वादकाच्या उजव्या पायाखाली पेडल आणि पेडलसमोर तो थोरला ड्रम, हे चित्र आज इतकं पक्कं झालं आहे की त्याची जन्मापासूनच ही मांडणी असावी असं वाटतं. पण पायाला हे काम मिळून जेमतेम सव्वाशे वर्षं झाली. त्याआधी हा ड्रम हातानं वाजायचा, बहुतेक वेळा चालता चालता वाजायचा, आणि त्याच्यासाठी एक पुरता माणूस गुंतायचा.

हे आज लिहायचं कारण माझ्या धंद्यातलं आहे. तरुणपणी मी मुंबईच्या ऑर्केस्ट्रांमधून ड्रम वाजवले. आता ठाण्यात ड्रम दुरुस्त करतो. पूर्वी फाटलेली हेडं बदलायची, वाकलेले हूप सरळ करायचे, पेडलच्या स्प्रिंगा बसवायच्या, अशी कामं असत. आता लोक लाकडी बास ड्रम घेऊन येतात आणि त्याचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर करून मागतात. ड्रम तोच, पेडल तेच, पायाची हालचालही तीच. फक्त ठोका मारला की आवाज हवेत न घुमता तारेतून मॉड्यूल नावाच्या आवाजाच्या पेटीत जातो आणि तिथून हेडफोनमध्ये किंवा स्पीकरला. माझ्या पिढीतल्या पुष्कळ वादकांना याचं वाईट वाटतं. वाद्याचा जीव काढून घेतला, असं ते म्हणतात. मला तसं वाटत नाही. ठोका आणि आवाज यांची फारकत या ड्रमच्या बाबतीत फार जुनी आहे, आणि ती वादकांनीच, आपल्या गरजेपोटी, एकेक पाऊल टाकत केली आहे.

युरोपात हा ड्रम तुर्कांकडून आला. ऑटोमन जानिसारी पलटणींच्या वाद्यवृंदात दावुल नावाचा दोन तोंडांचा मोठा ढोल असे. एका बाजूला जाड काठीनं घुमारा काढायचा आणि दुसऱ्या बाजूला बारीक छडीनं लयीची भर घालायची. अठराव्या शतकात युरोपातल्या लष्करी बँडांनी तो उचलला. मोझार्टच्या 1782 च्या तुर्की कथेवरच्या ऑपेरात तो आहे, आणि हायडननं लंडनमध्ये 1794 साली सादर केलेल्या शंभराव्या सिंफनीत तो असा काही वाजतो की त्या रचनेला ‘मिलिटरी’ हेच नाव चिकटलं. आपल्याकडे तो इंग्रजांच्या पलटणींबरोबर आला आणि पलटणींच्या बँडांतून लग्नाच्या वरातीत उतरला. छातीवर पट्ट्यानं अडकवलेला ड्रम, त्यावर बँड कंपनीचं रंगवलेलं नाव, शेजारी साइड ड्रमवाला आणि झांजवाला. वरातीच्या बँडात आजही बास ड्रमला वेगळा माणूस आहे, कारण चालणाऱ्या माणसाचे पाय आधीच कामाला लागलेले असतात.

बसून वाजवायचं झालं तेव्हा हिशेब बदलला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या नाचघरांत आणि नाटकगृहांत जागा कमी आणि पगार द्यायचा हात आखडता. स्नेअरला एक, बास ड्रमला एक आणि झांजेला एक असे तीन वादक कोण ठेवणार? मग एकच वादक बास ड्रम शेजारी आडवा ठेवी आणि त्याच काठ्यांनी कधी स्नेअरवर, कधी बासवर मारी. याला चांगलीच कसरत लागे आणि दोन्हीकडचं वादन अर्धवट राही. न्यू ऑर्लिन्समध्ये जॉन रोबिशोच्या वाद्यवृंदातला डी डी चँडलर हा वादक 1890 च्या दशकातच स्वतः जुळवलेलं लाकडी पेडल वापरत होता. अशी घरगुती पेडलं तेव्हा बऱ्याच ठिकाणी निघाली. पुष्कळांची रचना अशी की दांडा ड्रमच्या वरच्या कडेला टांगलेला आणि पायाची पट्टी खाली. लांब दांडा झुलायला वेळ घेई आणि रॅगटाइमची चाल वाढली की पाय मागे पडे. शिकागोच्या विल्यम लुडविगला नेमका हाच त्रास झाला. त्यानं दांडा आखूड केला, सांधा खाली जमिनीलगत आणला, स्प्रिंग बसवली, आणि 1909 साली त्या पेडलचं पेटंट घेऊन भाऊ थिओबाल्ड याच्याबरोबर कंपनी काढली. पायपट्टी, पट्टा किंवा साखळी, स्प्रिंग आणि बीटर ही त्या पेडलची मांडणी आजही बदललेली नाही. माझ्या बाकावर येणारं कुठलंही पेडल खोललं की आत तोच विचार दिसतो.

माझ्या मते या ड्रमच्या इतिहासातली खरी उलथापालथ ही. हातातली काठी वादकाला दिसते. ती किती वर गेली, कुठे पडली हे डोळा सांगतो. पेडलचा बीटर दिसत नाही. वादक आणि कातडं यांच्यामध्ये प्रथमच एक यंत्र आलं, आणि ठोका कसा पडला हे फक्त तळव्याला कळू लागलं. पुढे जे जे झालं त्यात आवाज कितीदा तरी बदलला. तळव्याला जे कळतं ते मात्र कुणालाच टाळता आलं नाही.

मुंबईत हा पायानं वाजणारा ड्रम जॅझबरोबर रुळला. 1935 साली लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला आणि शहरातल्या गोवेकर वादकांनी ते वादन कान देऊन ऐकलं. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून नोटेशन वाचायला शिकलेली ही मंडळी हॉटेलांत रात्री वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांतलेच. सी. रामचंद्र म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, त्यांनी भगवानदादांच्या 1951 च्या ‘अलबेला’ला दिलेल्या संगीतात चिक चॉकलेट यांचा मोठा हात होता, आणि त्या चित्रपटात ते व त्यांचे वादक पडद्यावरही दिसतात. मराठी घराघरांत बास ड्रमची ‘धुम्म’ पोचली ती अशी, नाचाच्या गाण्यांतून.

माझे गुरू त्याच परंपरेतले, मूळचे मडगावचे, राहायला धोबीतलावला. आम्ही त्यांना अंकल म्हणत असू. त्यांच्याकडे वासराच्या कातड्याचा जुना बास ड्रम होता आणि त्याच्या आत लाकडाला विजेचा होल्डर ठोकलेला होता. जून ते सप्टेंबर वाजवायच्या आधी तासभर आतला चाळीसचा बल्ब लावून ठेवायचा, म्हणजे दमट हवेनं सैल पडलेलं कातडं शेकून ताणलं जाई. कार्यक्रम चालू असताना बल्ब गेला तर दोन-तीन गाण्यांत ड्रमचा आवाज बसे. हा उपाय काही त्यांचा एकट्याचा नव्हे. अमेरिकेतले वादकही 1920 च्या दशकापासून ड्रममध्ये दिवे ठेवत, आणि पुढच्या रंगवलेल्या कातड्यामागून तो उजेड दिसे म्हणून ती शोभाही होई. ही कटकट संपली ती प्लास्टिकच्या हेडांमुळे. अमेरिकेत चिक एव्हान्सनं 1956 मध्ये आणि रेमो बेलीनं 1957 मध्ये पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मची हेडं बाजारात आणली. कातडं गेलं आणि त्याबरोबर वादकांनी आवाजाची एक ऊब घालवली, असं अंकल म्हणायचे. पण बल्ब मात्र त्यांनी स्वतःच काढून टाकला.

त्यानंतर लोक मुद्दाम आवाज मारू लागले. 1966 साली लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत बीटल्सचं रेकॉर्डिंग करताना जेफ एमरिक या तरुण इंजिनिअरनं रिंगो स्टारच्या बास ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला आणि स्टुडिओच्या नियमात बसणार नाही इतका जवळ मायक्रोफोन आणला. घुमारा गेला, ठोका उरला. पुढच्या दहा वर्षांत ही पद्धत जगभर झाली. पुढचं हेड काढून टाका, आत उशी ठेवा, चादर भरा. मी ज्या ऑर्केस्ट्रात पहिल्यांदा बसलो तिथल्या बास ड्रममध्ये निर्मात्याच्या घरची गोधडी होती. मायक्रोफोनशिवाय तो ड्रम पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नसे. म्हणजे ट्रिगर यायच्या पुष्कळ आधीच बास ड्रम स्वतःच्या बळावर वाजणं थांबलं होतं. लाकूड आणि हेड यांचं काम ठोका झेलून तो मायक्रोफोनला दाखवण्यापुरतं राहिलं होतं. जुन्या मंडळींना मी हेच सांगतो: ज्या जिवाबद्दल तुम्ही हळहळता तो त्या स्वेटरात गुदमरला, माझ्या बाकावर नव्हे.

आता ट्रिगरच्या आतल्या वस्तूकडे येऊ. तिचा जन्म संगीताशी काडीचाही संबंध नसलेल्या ठिकाणी झाला. 1880 साली पॅरिसमध्ये जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी दाखवून दिलं की क्वार्ट्झ, टुर्मलीन, रोशेल सॉल्ट अशा काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो. पिएर तेव्हा एकवीस वर्षांचे होते. मारी त्यांच्या आयुष्यात यायला अजून अवकाश होता. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमान यांनी गणितानं सांगितलं की उलटही व्हायला हवं, वीज दिली की स्फटिक आकार बदलेल, आणि क्यूरी बंधूंनी तेही प्रयोगानं सिद्ध केलं. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झची चकती वापरली. 1940 आणि 50 च्या दशकांत हाच गुण असलेली भाजकी सिरॅमिकं हाती आली, आणि मग ही चीज स्वस्त झाली. घड्याळाचा गजर, खेळण्यातली पिपाणी, यंत्राचा बझर, सगळ्यांत तीच चकती.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात ती मिळते. मी बहुतेक 35 मिलिमीटरची घेतो. पितळेचा पातळ गोल, त्यावर मधोमध त्याहून लहान पांढरट सिरॅमिकचा गोल, आणि त्यावर चांदीचा मुलामा. काळी तार पितळेला, लाल तार चांदीला. डाग देताना सोल्डरिंगची इस्त्री चांदीवर क्षणभरच टेकवायची. जरा रेंगाळली की मुलामा जळतो, तार सुटून येते आणि चकती टाकून द्यावी लागते. दुकानदाराच्या लेखी हा बझर आहे: वीज द्या, वाजेल. ट्रिगरवाला तिला उलटी राबवतो. नखानं टिचकी मारली तरी मीटरचा काटा उडतो, आणि जोराचा ठोका बसला तर क्षणभरासाठी दहा-वीस व्होल्टसुद्धा सहज येतात. बावीस इंची हेडचं क्षेत्रफळ 380 चौरस इंच भरतं. एवढ्या मोठ्या अंगावर जे घडतं ते सगळं या दीड इंचाहून लहान गोलाला कळायचं असतं.

ठोक्याची वीज करून ड्रम वाजवायचे प्रयत्न 1970 च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत झाले. मूडी ब्लूज या बँडचा ड्रमर ग्रॅम एज यानं ससेक्स विद्यापीठातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या तज्ज्ञाबरोबर बनवलेला विजेचा ड्रमसेट 1971 च्या ध्वनिमुद्रिकेत वाजला आहे. 1976 मध्ये अमेरिकेत जो पोलार्डचा सिनड्रम आला. पण जगाच्या डोळ्यांत भरले ते 1981 चे सिमन्सचे षट्कोनी पॅड. इंग्लंडच्या डेव्ह सिमन्सनं रिचर्ड जेम्स बर्जेस या वादकाबरोबर ते घडवले. दिसायला देखणे, आवाज भविष्यातून आल्यासारखा, आणि वाजवायचा पृष्ठभाग पॉलिकार्बोनेटचा, टणक. ताणलेल्या कातड्यावर काठी पडली की कातडं थोडं आत जातं आणि काठीला परत देतं. त्या टणक पॅडनं सगळा धक्का मनगटाला परत दिला. वादकांची मनगटं आणि कोपर दुखू लागले, तेव्हा कंपनीनं पुढच्या पॅडांवर रबर चढवलं. आवाजात अक्कल लावली होती, ठोक्यात लावली नव्हती. ही गोष्ट धंद्याला उमजायला आणखी पंधरा वर्षं गेली.

आमच्याकडे सिमन्सचे पॅड फार थोड्यांनी पाहिले. मुंबईत इलेक्ट्रॉनिक ठोका आधी यंत्रातून आला. चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 साली रोलँड कंपनीचं टीआर-808 हे ऱ्हिदम मशीन घेऊन त्याच्या ठेक्यावर दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. तेव्हा तिच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि जगभर गाजली. 808 च्या बास ड्रममध्ये ना कातडं, ना लाकूड, ना पाय. एका सर्किटचा हेलकावा, बस. पण वादकांच्या पोटावर आलं ते ऑक्टोपॅडमुळे.

1983 साली मिडी नावाची पद्धत ठरली. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांनी पुढाकार घेऊन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एक भाषा दिली. त्यात कुठली नोट आणि ती किती जोरात, एवढं आकड्यांत जातं. जोर 1 ते 127. दोन वर्षांनी, 1985 मध्ये, रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड आला. आठ रबरी चौकोन, आणि स्वतःचा आवाज एकही नाही. ठोका फक्त आकडा होऊन बाहेर पडायचा आणि आवाज दुसऱ्याच पेटीतून निघायचा. पुढच्या मॉडेलांत आवाज आतच आले, त्यांत तबलाही आला, आणि 1998 चा एसपीडी-20 तर महाराष्ट्रात इतका पसरला की लग्नाचा हॉल, भजनाची गाडी, बेंजो पार्टीची ट्रॉली, कुठेही तो दिसू लागला.

ऑक्टोपॅडनं ड्रमवाल्याचा पाय बेकार केला. वादक उभा राहून दोन काठ्यांनी सगळं वाजवायचा. किकसाठी, म्हणजे बास ड्रमच्या ठोक्यासाठी, खालच्या ओळीतला एक चौकोन, बहुधा डाव्या हाताखालचा. बाहेरचं किक पेडल जोडायला मागे जागा होती, पण तेवढा जादा बोजा घेऊन कोण फिरणार? निर्मात्याचं गणित सोपं होतं. ड्रमसेट न्यायला टेम्पो लागतो, ऑक्टोपॅड रिक्षात मावतो. ड्रमला माइक लागतात, ऑक्टोपॅडला एक वायर. लुडविगच्या पेडलनं दोन माणसांचं काम एकाला दिलं होतं. ऑक्टोपॅडनं ड्रमर, काँगोवाला, ढोलकवाला असं सगळं एकाच्या हाती दिलं. माझ्याबरोबर वाजवणाऱ्या कितीतरी वादकांच्या रात्री त्या काळात रिकाम्या गेल्या. मीही ऑक्टोपॅड शिकलो आणि वाजवला. हात सरावले, पण डाव्या हातानं किक मारताना उजवा पाय आपोआप जमिनीवर आपटत राहायचा, आणि माझ्या ओळखीच्या ज्यांनी ज्यांनी ड्रम सोडून तो धरला त्या सगळ्यांचा आपटायचा.

इकडे परदेशी स्टुडिओंत उलट्या बाजूनं काम चाललं होतं. तिथे ड्रम तसाच ठेवून त्याच्या ठोक्यावर दुसरा आवाज चढवू लागले. स्टीली डॅनच्या 1980 च्या ‘गाउचो’साठी इंजिनिअर रॉजर निकोल्सनं वेंडेल नावाचं यंत्रच बांधलं. पुढे हूपला चिमट्यानं लावायचे ट्रिगर निघाले, स्वीडनच्या क्लॅव्हियाचे डीड्रम त्यांत नावाजलेले. मेटल वाजवणाऱ्यांनी ते उचलून धरले, कारण दोन पायांनी अतिवेगानं बास वाजवताना घुमारे एकमेकांत मिसळतात आणि नुसती गडगड ऐकू येते. ट्रिगरनं प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. याला कुणी फसवणूक म्हणतात. तेवढ्या वेगानं पाय मात्र खराच चालवावा लागतो, हे त्यांनी एकदा पेडलवर बसून पाहावं.

1997 मध्ये रोलँडनं रेमो बेलीच्या कंपनीच्या साथीनं जाळीचं हेड असलेले ड्रम आणले. बारीक विणीची ताणता येणारी जाळी: हवा आरपार जाते म्हणून आवाज जवळजवळ नाही, आणि चावीनं ताण देता येतो म्हणून काठीला कातड्यासारखी उसळी. सिमन्सच्या टणक पॅडनं जे मनगटाकडून हिरावलं होतं ते जाळीनं परत दिलं. तरी बास ड्रमच्या जागी एका खांबावरचा छोटा गोलच राहिला. त्याला पाय लागत होता, पण समोर ड्रम नव्हता. शेवटी 2020 मध्ये त्याच कंपनीनं पूर्ण आकाराच्या लाकडी शेलचे इलेक्ट्रॉनिक ड्रम काढले; बावीस इंची लाकडी ड्रमला बसवायचं किकचं यंत्र तर तिनं त्याआधीच विकायला ठेवलं होतं. म्हणजे चाळीस वर्षं फिरून कारखाना तिथेच आला, जिथे गरजेपोटी हातानं जोडाजोड करणारा वादक कधीच पोचला होता. जुन्या ड्रमचा ट्रिगर करणं हा मला म्हणूनच कमअस्सल जुगाड वाटत नाही.

माझ्याकडे येणारे बहुतेक फ्लॅटमध्ये राहणारे. डोंबिवलीचा एक मुलगा वडिलांचा ड्रम घेऊन आला आणि म्हणाला, “काका, बाबांचाच ड्रम हवाय मला, पण खालच्या आजींना त्रास नको.” त्या ड्रमचं काम कसं केलं ते सांगतो, कारण सगळे साधारण तसेच होतात. मागचं हेड काढून दोन पदरी जाळी बसवली. शेलच्या आत, लगचे जे बोल्ट आधीपासून आहेत त्यांच्यावरच, आडवी पट्टी धरली. शेलला नवं भोक मी पाडत नाही. पट्टीवर प्लायचा तुकडा, त्यावर चकती, चकतीवर फोमचा जाड ठोकळा, आणि ठोकळ्याचं तोंड जाळीला हलकेच दाबून. चकती हेडला थेट चिकटवली तर बीटरच्या माऱ्यानं सिरॅमिक तडकतं, म्हणून मध्ये फोम. ठोकळा बीटरच्या अगदी समोर न ठेवता थोडा बाजूला, नाहीतर सगळेच ठोके 127 ला जाऊन चिकटतात. जॅकसाठी जागा शोधावी लागत नाही: शेलला हवा जाण्यासाठी कारखान्यानं ठेवलेलं छिद्र असतं, त्यात तो बेताचा बसतो.

खरा त्रास मोठ्या आकाराचा. लहान पॅड ठोक्यानंतर लगेच शांत होतो. बावीस इंची अंग सेकंदाला पन्नास-साठ हेलकावे घेत राहतं, आणि मॉड्यूलला प्रत्येक हेलकावा नवा ठोका वाटू शकतो. एकदा पेडल मारलं आणि दोनदा आवाज आला, ही तक्रार त्यातूनच येते. म्हणून आत पुन्हा गोधडी. शिवाय मॉड्यूलला सांगायचं की ठोका कळला की काही मिलिसेकंद कान झाक. ठोक्याचा जोर मोजायलाही ते दोन-तीन मिलिसेकंद घेतं. एवढ्या उशिरानं पुष्कळजण धास्तावतात. त्यांना मी स्टेजचं उदाहरण देतो: ड्रमपासून तीन मीटरवर उभ्या गायकाला बास ड्रम ऐकू यायला हवेतूनच जवळपास नऊ मिलिसेकंद लागतात, आणि त्यावर लता-आशांची गाणी रात्र रात्र झाली आहेत.

खालच्या आजींचा प्रश्न मात्र जाळीनं सुटत नाही. हवेतला आवाज थांबतो, पण पेडलचा दणका पायांतून फरशीत आणि फरशीतून खालच्या छताला जातो. त्याला उपाय म्हणजे दोन प्लायवूडच्या फळ्या आणि मध्ये खाचांत बसवलेले टेनिस बॉल. वर ड्रम आणि पेडल. त्या मुलानं ते केलं आणि आजींकडे जाऊन विचारूनही आला.

या सगळ्यात जे हरवतं तेही खरं सांगायला हवं. हॉलमध्ये बसलेल्याच्या छातीला बास ड्रमची हवा लागते. हेडफोनमध्ये ती नाही. आणि आणखी एक. अंकल जॅझ वाजवताना चारही मात्रांवर बास ड्रमला नुसता स्पर्श करत. बीटर हेडपासून बोटभर अंतरावरून, इतका हळू की श्रोत्याला तो सुटा ऐकू येऊ नये, पण डबल बासच्या सुराला खालून आधार मिळावा. लिऑन ॲबीच्या काळापासूनची ही जॅझमधली रीत. ट्रिगरला हा स्पर्श सगळ्यात कठीण. किती हलकं ते ठोका म्हणून धरायचं, ती मर्यादा मॉड्यूलमध्ये ठरवावी लागते. ती वर ठेवली तर हा स्पर्श गायब. खाली आणली तर शेजारी ठेवलेला फ्लोअर टॉम वाजवला तरी किक उमटते, आणि बीटर जाळीवर टेकवून ठेवायची ज्याला सवय आहे त्याच्या पायाची थरथरसुद्धा उमटते. मधली जागा प्रत्येक पायाची वेगळी. कुणी टाच टेकवून वाजवतो, कुणी टाच उचलून. कुणाचं पेडल सैल, कुणाचं घट्ट. म्हणून तयार ड्रम मी परस्पर पाठवत नाही. गिऱ्हाइकाला न्यायला बोलावतो, येताना स्वतःचं पेडल आणि रोज वाजवताना घालतो तेच बूट आणायला सांगतो, आणि मर्यादेचा आकडा त्याच्या पायासमोर बसून ठरवतो.